सामायिक दालनांची नावे कशी ठेवावीत?

(संस्थेच्या शाळांतील शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



माझ्या भाषणाचा विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगांत थोडे हसू उमटले, ते मला दिसले. संगणकावर आपण कामासाठी जी सामायिक जागा उघडतो तिला नाव काय द्यावे, यावर भाषण कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण याच मंडळींनी उद्या आपल्या शाळेच्या कार्यालयात जाऊन आवक-जावक नोंदवही उघडून पाहावी. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्रावर लिपिक जावक क्रमांक घालतात. त्यात शाळेचे संक्षिप्त नाव असते, विषय असतो, शैक्षणिक वर्ष असते आणि शेवटी अनुक्रमांक असतो. पत्र लिहिणारे मुख्याध्यापक निवृत्त होतात, लिपिक बदलतात, तरी दहा वर्षांनंतर शिक्षणाधिकारी कार्यालयाने विचारणा केली की ते पत्र पाच मिनिटांत हाती लागते. ही नावे ठेवण्याची पद्धतच आहे. कागदाच्या बाबतीत आपण ती पिढ्यान्‌पिढ्या पाळली आणि संगणकावर आलो तेव्हा ती कार्यालयाच्या कपाटातच ठेवून आलो, एवढेच माझे म्हणणे आहे.

प्रथम शब्दांचा खुलासा करतो. मायक्रोसॉफ्टच्या टीम्समध्ये या जागेला ‘टीम’ म्हणतात आणि तिच्या आतल्या कप्प्यांना ‘चॅनेल’. स्लॅकमध्ये सगळ्या संस्थेच्या जागेला ‘वर्कस्पेस’ म्हणतात आणि आत ‘चॅनेल’ असतात. गूगल चॅटमध्ये पूर्वी ‘रूम’ असत, २०२१ पासून त्यांना ‘स्पेस’ म्हणू लागले. म्हणजे नावांचा घोळ खुद्द कारखान्यातूनच सुरू होतो! मी आज या सर्वांना ‘दालन’ म्हणणार आहे. ज्या जागेत ठराविक माणसे एकत्र येऊन बोलतात, कागद ठेवतात आणि काम करतात, ती जागा म्हणजे दालन. दालन म्हटले की दार आले, दाराला पाटी आली. आपण पाहायचे ते या पाटीविषयी.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि आपण सर्वजण एका रात्रीत या दालनांत शिरलो. कोणी घाईत टीम उघडली, कोणी गूगल क्लासरूम उघडले, कोणी दोन्ही उघडले. नाव काय द्यावे याचा विचार करायला त्या दिवसांत कोणाला उसंत होती? ते क्षम्य होते. पण शाळा पुन्हा भरल्या, घंटा पुन्हा वाजू लागली, तरी ती दालने आणि ती नावे तशीच राहिली. त्यांत दरवर्षी नवी भर पडत गेली. आज कित्येक शाळांत पन्नास-साठ दालने आहेत आणि त्यांतील निम्म्या दालनांत काय आहे हे एकाच माणसाला ठाऊक आहे. तो माणूस रजेवर गेला की शोधाशोध सुरू होते.

याचा परिणाम केवळ गैरसोयीपुरता राहत नाही. माझ्या माहितीतील एका शाळेत दहावीला शिकवणाऱ्या शिक्षकांचे दालन होते, त्याचे नाव ‘दहावी’. विद्यार्थ्यांचे दालन होते, त्याचे नाव ‘दहावी अ’. सहामाहीच्या आधी एका शिक्षकाने प्रश्नपत्रिकेचा कच्चा मसुदा तपासणीसाठी सहकाऱ्यांकडे पाठवला. दूरध्वनीच्या लहान पडद्यावर दोन्ही नावे एकाखाली एक होती, बोट एका ओळीने खाली पडले. मसुदा विद्यार्थ्यांच्या दालनात गेला. दहा मिनिटांत तो काढून टाकला, पण दहा मिनिटे पुष्कळ झाली. प्रश्नपत्रिका नव्याने काढावी लागली आणि त्या शिक्षकाला लेखी खुलासा द्यावा लागला. मला विचाराल तर त्या शिक्षकाचा दोष चार आणे आणि पाटी लावणाऱ्याचा बारा आणे. ‘शिक्षक’ हा एक शब्द पहिल्या नावाच्या आरंभी असता तर बोट थबकले असते.

येथे मूळ प्रश्न येतो, की नाव कोणासाठी ठेवायचे? दालन उघडणाऱ्याला नावाची गरजच नसते; त्याला सगळे ठाऊकच असते. त्याने ‘काम’ असे नाव दिले तरी त्याचे भागते. नावाची गरज असते ती त्या दिवशी हजर नसलेल्या माणसाला. नोव्हेंबरात रुजू झालेला शिक्षण सेवक, प्रसूती रजेच्या जागी आलेल्या बाई, दुसऱ्या शाळेतून बदलून आलेले मुख्याध्यापक, नव्याने लागलेला कनिष्ठ लिपिक यांच्यासाठी ती पाटी असते. स्लॅक हे नाव पाहा. त्याच्या इंग्रजी अद्याक्षरांचा विस्तार ‘सर्व संभाषण व ज्ञान यांची शोधता येणारी नोंदवही’ असा सांगितला जातो. स्ट्यूअर्ट बटरफील्ड आणि त्यांचे सहकारी ‘ग्लिच’ नावाचा एक खेळ तयार करत होते. खेळ २०१२ मध्ये बंद पडला, पण त्यांनी आपसांत बोलण्यासाठी जे साधन बनवले होते तेच पुढे २०१३-१४ मध्ये स्लॅक म्हणून बाजारात आले. सांगायचा मुद्दा असा की ही दालने गप्पांसाठी असली तरी ती नोंदवहीदेखील आहेत, आणि नोंदवही वाचणारा नेहमी नंतर येतो.

नावांचा हा प्रश्न या कंपन्यांनी प्रथम निर्माण केला असेही नाही. १९७९-८० च्या सुमारास अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून ‘यूजनेट’ नावाचे जाळे उभे राहिले. दूरदूरच्या संगणकांवरील माणसे तेथे विषयवार गटांत लेखी चर्चा करीत. आरंभी बहुतेक गटांच्या नावापुढे ‘नेट’ हा एकच शब्द असे. गट वाढत गेले तसा त्या शब्दाला काही अर्थच उरला नाही. सगळ्यांचेच आडनाव एक झाले तर आडनावाचा उपयोग काय? शेवटी १९८६-८७ मध्ये सगळ्या गटांची नावे बदलण्यात आली. त्या घटनेला ‘महा-नामांतर’ म्हणता येईल. सात शीर्षे ठरली: संगणकासाठी ‘कॉम्प’, विज्ञानासाठी ‘साय’, समाजासाठी ‘सॉक’, छंदांसाठी ‘रेक’, यूजनेटच्या स्वतःच्या कारभारासाठी ‘न्यूज’, किरकोळासाठी ‘मिस्क’ आणि वादविवादासाठी ‘टॉक’. या ‘सॉक’ शीर्षाखाली पुढे भारतीय संस्कृतीचा गट आला आणि त्याच्या पोटात ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ असा आपल्या भाषेचाही गट निघाला. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला केवळ हे नाव वाचून आपला गट सापडत असे. नाव सामान्याकडून विशेषाकडे, पायरीपायरीने उतरते. पोस्टाचा पत्ता उलटा लिहावा तसे.

पण या नामांतराची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. धर्म, राजकारण असे भांडणाचे विषय ‘टॉक’ या एका शीर्षाखाली ठेवण्यामागे एक हिशेब होता. त्या काळी मजकूर दूरध्वनीच्या महागड्या जोडणीवरून जाई, समुद्रापलीकडे युरोपात तर त्याचा खर्च फार येई. ज्या केंद्रचालकांना हे विषय नको होते त्यांना एक शीर्ष बंद केले की काम भागे. म्हणजे नावाच्या पहिल्या चार अक्षरांवरून कोणाचे बोलणे कोठवर पोहोचणार हे ठरू लागले. हे सर्वांना रुचले नाही. पाककृतींचा गट चालवणारे ब्रायन रीड यांना आपल्या गटाला दिलेले नवे नाव पसंत पडले नाही. त्यांनी १९८७ मध्ये जॉन गिलमोर वगैरे मित्रांबरोबर ‘आल्ट’ हे स्वतंत्र शीर्ष काढले. तेथे कोणालाही कोणाच्या मंजुरीवाचून गट काढता येई. पुढे या ‘आल्ट’चा पसारा इतका वाढला की मूळ सात शीर्षे त्याच्यापुढे लहान वाटू लागली. नियम करणाऱ्यांनी ही गोष्ट कधी विसरू नये. वरून लादलेले नाव माणसे तोंडदेखले पाळतात आणि बाहेर आपला वेगळा फड मांडतात. आपल्याकडचा तो फड कोठे असतो हे मी सांगायला नको. या सभागृहातील प्रत्येकाच्या खिशात असे चार तरी ग्रुप आहेत आणि शाळेचे खरे काम पुष्कळदा तेथेच चालते.

यूजनेटनंतर १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी ‘आयआरसी’ ही संभाषणाची पद्धत काढली. तेथे चॅनेलच्या नावाआधी हॅशचे चिन्ह घालत. स्लॅकमध्ये ते चिन्ह आजही दिसते, ते तेथूनच आले आहे.

आता यंत्राकडे वळू. यंत्राचे स्वतःचे काही नियम असतात आणि ते आपल्याला आधी कोणी सांगत नाही. स्लॅकमध्ये चॅनेलच्या नावात इंग्रजी मोठी अक्षरे चालत नाहीत, मोकळी जागा चालत नाही, पूर्णविराम चालत नाही. म्हणून शब्दांमध्ये आडवी रेघ घालावी लागते. लांबी ८० अक्षरांपर्यंत चालते; पूर्वी ती अवघी २१ होती. एक नाव एकदाच वापरता येते, जुने दालन बंद करून ठेवले असले तरी ते नाव अडलेलेच राहते. टीम्समध्ये याच्या अगदी उलट आहे. एकाच नावाच्या दोन टीम खुशाल उघडता येतात, यंत्र हरकत घेत नाही. कोणते बरे, असे मला कोणी विचारले तर मी अडवणारे यंत्र बरे म्हणेन. आपल्या जनरल रजिस्टरमध्ये एकच क्रमांक दोन विद्यार्थ्यांना दिलेला चालेल काय?

टीम्सची आणखी एक गोष्ट तुम्हांला विशेष करून सांगायची आहे, कारण ती मराठीत आणि उर्दूत काम करणाऱ्यांना भोवते. आपण टीम उघडतो तेव्हा पडद्यामागे तिच्यासाठी एक टपालपेटी आणि शेअरपॉइंटवर कागदपत्रांची एक जागा तयार होते. त्या जागेचा इंटरनेटवरचा पत्ता पहिल्या दिवशी दिलेल्या नावावरून बनतो. पुढे तुम्ही टीमचे नाव दहा वेळा बदला, पाटी बदलते, पत्ता जुनाच राहतो. गल्लीला नवे नाव दिले तरी पोस्टमन जुन्याच नावाने पत्र आणतो, त्यातलाच हा प्रकार. त्यात हा पत्ता रोमन अक्षरांतच बनतो. तुम्ही पहिल्या दिवशी ‘परीक्षा समिती’ असे देवनागरीत नाव दिलेत तर यंत्राला त्यातून पत्ता करता येत नाही, आणि ते ‘एमएसटीम्स’ या अक्षरांपुढे काहीतरी अर्थहीन अक्षरे व आकडे जोडून मोकळे होते. अशी दहा दालने झाली की दहाही पत्ते एकसारखे निरर्थक दिसतात. यावर उपाय साधा आहे. दालन उघडताना रोमन लिपीत सुटसुटीत नाव द्यावे, ते तयार झाले की लगेच नाव बदलून मराठी किंवा उर्दू करावे. पत्ता वाचता येण्याजोगा राहतो आणि पाटी आपल्या भाषेत राहते. जपानी लोकांनाही हीच अडचण येते आणि तेही हेच करतात.

मातृभाषेत नाव ठेवावे असाच माझा आग्रह आहे. पण देवनागरीत नाव ठेवताना भाषेच्या शिक्षकाइतकी काळजी घ्यावी लागते. ‘परीक्षा’ हा शब्द घ्या. री दीर्घ. आपल्यातले किती जण ती ऱ्हस्व लिहितात हे मी येथे मोजत बसत नाही. वहीत ती चूक असली तर वाचणारा समजून घेतो. यंत्राला तेवढे शहाणपण असेलच असे नाही. दालनाचे नाव ऱ्हस्व आणि शोधणाऱ्याने दीर्घ टंकले, तर ‘काही आढळले नाही’ असे उत्तर येते. मग तो शोधणारा नवे दालन उघडतो. पुष्कळ जोडदालनांचा जन्म अशा एका वेलांटीतून झालेला असतो.

यापेक्षा चमत्कारिक गोष्ट ‘दुसऱ्या सत्राचे पेपर’ या नावात आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या रीतींनी टंकता येतो. एका रीतीत र या अक्षराखाली नुक्ता असलेले अक्षर वापरतात, दुसरीत साधा र घेऊन त्यापुढे जोडणीचे एक अदृश्य चिन्ह घालतात. डोळ्यांना दोन्ही ‘ऱ्या’ तंतोतंत सारखे दिसतात. यंत्राच्या हिशेबी ते दोन निराळे शब्द आहेत. आकड्यांचेही तसेच. मराठी पाच आणि इंग्रजी पाच हे यंत्राला निरनिराळे वाटतात. शिवाय यंत्र अक्षरांप्रमाणे क्रम लावू लागले की दहावी ही पाचवीच्या आधी येते, कारण ते पहिला आकडा पाहते, एक हा पाचाच्या आधी. म्हणून आकडा लिहायचा तर पाचवीसाठी शून्य-पाच असा दोन घरांत लिहावा, आणि सर्व शाळेने एकाच लिपीतील आकडे घ्यावेत.

उर्दू माध्यमाच्या सहकाऱ्यांची अडचण याहून मोठी आहे आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. उर्दू उजवीकडून डावीकडे चालते, आकडे डावीकडून उजवीकडे. नावात उर्दू शब्द, मध्ये आडवी रेघ आणि पुढे २०२५-२६ असे वर्ष आले की पडद्यावर त्यांची जागा उलटसुलट दिसू शकते. लिहिणाऱ्याने वर्ष शेवटी लिहिलेले असते, वाचणाऱ्याला ते भलतीकडे दिसते. त्यातही ये आणि काफ ही अक्षरे अरबी कळफलकावरची वेगळी आणि उर्दू कळफलकावरची वेगळी. शब्दात ती सारखीच दिसतात, पण शोधात सापडतीलच असे नाही. म्हणून उर्दू नावात आकडे आणि चिन्हे शक्य तितकी टाळावीत. वर्ष द्यायचेच तर ते दालनाच्या वर्णनात द्यावे, तेथे हवे तितके लिहिता येते. आणि शाळेतील सर्व संगणकांवर एकच उर्दू कळफलक बसवून घ्यावा. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे.

नावात काय नसावे, याविषयी माझी काही ठाम मते आहेत. ‘नवीन’ हा शब्द नसावा. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये स्थापन झाले आणि अद्याप न्यू आहे. नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको १९७० मध्ये निघाली, तीही अजून नवीच आहे. शाळेला आणि शहराला ते शोभते. ‘स्टाफ नवीन’ या दालनाला मात्र दुसऱ्या वर्षी भाऊ होतो, त्याचे नाव ‘स्टाफ नवीन २’, आणि तिसऱ्या वर्षी ‘स्टाफ फायनल’. तसेच माणसाचे नाव नसावे. ‘अमुक सरांचा ग्रुप’ या दालनात शिष्यवृत्तीचे कागद आहेत हे अमुक सर असेपर्यंत सर्वांना ठाऊक असते. सर निवृत्त झाले की ते दालन म्हणजे त्यांचे स्मारक होते, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपत आली असताना नवा लिपिक ‘शिष्यवृत्ती’ या शब्दाने शोधत बसतो. येथे मुलाचे पैसे जातात, हे ध्यानात घ्या.

वर्षाबाबत मात्र तारतम्य हवे. जे दालन वर्षअखेर संपायचे आहे त्याच्या नावात शैक्षणिक वर्ष असावे: वर्गांची दालने, स्नेहसंमेलन, सहल. जे कायमचे आहे त्यात वर्ष नसावे: कार्यालय, ग्रंथालय, शालेय पोषण आहार. मग वर्ष नसणे हीसुद्धा माहिती होते. दालनात ठेवलेल्या परिपत्रकांवर तारीख घालताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून हाच क्रम सांगते. असे केले की यंत्राने लावलेला क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो. आपल्या नेहमीच्या पद्धतीने दिवस आधी लिहिला तर जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चच्या पहिल्या तारखा एकत्र येऊन बसतात.

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. नाव हे पाटीवर असते, आणि पाटी दाराबाहेर असते. आतल्या मजकुराला कितीही कुलूप घाला, नाव दिसतेच. कोणाच्या दूरध्वनीवर संदेश आला की बंद पडद्यावरही दालनाचे नाव झळकते. बस थांब्यावर शेजारी उभा असलेला माणूस ते वाचतो. स्लॅकमध्ये एखादे खाजगी दालन तुम्हांला दिसत नसले तरी तेच नाव देऊन नवे उघडू गेलात की ‘हे नाव घेतलेले आहे’ असे यंत्र सांगते. म्हणजे त्या नावाचे दालन आहे हे कळलेच. तेव्हा समुपदेशनाच्या किंवा शिस्तीच्या प्रकरणात मुलाचे नाव दालनाला देणे, किंवा ‘फी न भरलेले’ असे दालन काढणे, हे मला सर्वथा अयोग्य वाटते. आपल्या शाळांतून फीची सवलत घेणारी मुले आहेत, त्यांचे पालक मानी आहेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीला विशेष संरक्षण दिले आहे. पण हे कळायला कायद्याची गरज नसावी. अशा कामासाठी ‘समिती ३’ असे कोरे नाव पुरते. सर्वत्र स्पष्ट नाव असावे असे मी आतापर्यंत सांगत आलो. येथे मी त्याच्या नेमके उलट सांगतो आहे आणि जाणूनबुजून सांगतो आहे.

तर मग नियम किती करावेत? मोठ्या कंपन्यांत नावाच्या आरंभी ठराविक शब्द लावण्याची पद्धत आहे. विभागासाठी ‘टीम’, तात्पुरत्या कामासाठी ‘प्रोज’, मदत मागण्यासाठी ‘हेल्प’, सूचनांसाठी ‘अनाउन्स’, बाहेरची माणसे असतील तर ‘एक्स्ट’. यादी अक्षरक्रमाने लागते, त्यामुळे सारख्या कामाची दालने आपोआप शेजारी येतात. गिटलॅब या कंपनीचे सर्व कर्मचारी आपापल्या ठिकाणाहून काम करतात आणि तिची कार्यपद्धतीची पुस्तिका सर्वांना वाचायला खुली आहे. तिच्यात गटासाठी ‘जी’, टप्प्यासाठी ‘एस’, वैशिष्ट्यासाठी ‘एफ’ अशी एकेक अक्षरे ठरवलेली आहेत. ते त्यांना जमते, कारण तेथे प्रत्येक जण पुस्तिका वाचतो. आपल्याकडे परिपत्रक सही करून पुढे सरकते, हे आपण जाणतोच. तेव्हा एका अक्षराच्या खुणा आपल्या कामाच्या नाहीत. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत तर ठराविक शब्द नावापुढे सक्तीने लावण्याची आणि ५००० पर्यंत शब्दांना बंदी घालण्याची सोय आहे. सामान्य माणसाने ‘पगार’ किंवा ‘मुख्याधिकारी’ असे नाव देऊन अधिकाराचा आभास निर्माण करू नये, हा त्यामागचा हेतू. बंदीची यादी आपण करू नये असे मला वाटते. ‘आल्ट’ची गोष्ट मी मघाशी सांगितली ती याचसाठी.

माझ्या मते आपल्याला आरंभीचे चार शब्द पुरेत: ‘शिक्षक’, ‘वर्ग’, ‘कार्यालय’ आणि ‘पालक’. हे चार शब्द विषय सांगत नाहीत, दालनात कोण ऐकत आहे हे सांगतात. प्रश्नपत्रिका कोठे टाकू नये हे त्यावरूनच कळते. त्यापुढे काम, आणि गरज असेल तर वर्ष. ‘शिक्षक-दहावी-२०२५-२६’, ‘वर्ग-दहावी-अ-२०२५-२६’, ‘कार्यालय-शिष्यवृत्ती’. लहान पडद्यावर नावाची शेपटी कापली जाते, म्हणून महत्त्वाचे तेवढे आधी यावे आणि आरंभीचा शब्द आखूड असावा. ‘विद्यार्थी व पालक संपर्क विभाग’ असा शब्द आरंभी घातला तर पडद्यावर सगळीकडे तेवढाच दिसेल.

आणि हे चार शब्दही मुख्याध्यापकांच्या दालनात बसून ठरू नयेत. नाव ठरले की ते आधी शिपाईमामांना आणि ग्रंथपालबाईंना दाखवावे आणि विचारावे, की या दालनात काय असेल, कोण असेल? त्यांनी बरोबर सांगितले तर नाव पास. त्यांना उलगडले नाही तर आपण पुन्हा बसावे. दहा मिनिटांचे काम आहे.

जुन्या दालनांचे काय, हा प्रश्न चहाच्या वेळी दोघा-तिघांनी मला विचारला. सगळ्यांची नावे एका दिवसात बदलू नका. लोकांच्या सवयीचे नाव गेले की त्यांचे दालन हरवते. ज्यांत वर्षभर कोणी काही लिहिलेले नाही ती आधी बंद करून ठेवा. टीम्समध्ये आणि क्लासरूममध्ये तशी सोय आहे. मजकूर वाचता येतो, भर घालता येत नाही. बंद करण्याआधी नावाच्या शेवटी वर्ष घाला. चालू दालनांना नवी नावे जूनमध्ये द्यावीत, हजेरीचे कॅटलॉग नवे निघतात त्याच आठवड्यात. पहिला महिना जुने नाव वर्णनात लिहून ठेवावे, म्हणजे शोधणाऱ्याला तेही सापडेल.

शेवटी, हे सांभाळणार कोण? माझी विनंती आहे की प्रत्येक शाळेत जावक नोंदवही ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच दालनांची नोंदवही द्यावी. साधी वही, पाच रकाने: दालनाचे नाव, रोमन पत्ता, उघडल्याची तारीख, जबाबदार व्यक्तीचे पद, आणि बंद केल्याची तारीख. पद लिहावे, व्यक्तीचे नाव लिहू नये. वही कार्यालयाच्या कपाटातच राहील आणि हवी तेव्हा कोणालाही पाहता येईल. उर्दू माध्यमाच्या सहकाऱ्यांनी आपल्या चार शब्दांची यादी स्वतः करावी, आमच्या शब्दांचा तर्जुमा म्हणून करू नये. ती पुढच्या बैठकीच्या आत माझ्याकडे आली तर दोन्ही याद्या एकाच कागदावर छापून सर्व शाळांना पाठवण्याची जबाबदारी मी घेतो.